पहाटेची बांग आणि शेजारधर्म

लोणावळ्यातली पावसाळी पहाट म्हणजे पांघरुणात आणखी गुरफटून घेण्याची वेळ. बाहेर धुकं, पन्हाळीतून ठिबकणारं पाणी. नेमका तेव्हाच मागच्या घरातला कोंबडा खच्चून आरवतो. घड्याळात साडेतीन वाजलेले असतात!

मागचं घर मावशींचं. आंदर मावळातून लग्न होऊन त्या इथं आल्या तेव्हा भोवती भातखाचरं होती. आज तिथं बंगले आहेत. मावशींच्या सात कोंबड्या आणि एक तुरेबाज कोंबडा मात्र अजून आहेत. गावठी अंड्यांच्या पैशांतून त्यांचं औषधपाणी निघतं. शेजारी मुंबईहून निवृत्त होऊन आलेले काका. बायपास झालेली, गोळी घेऊन जेमतेम लागलेली झोप कोंबडा मोडतो. दोन महिन्यांत बोलणं बंद झालं आणि अर्जाची भाषा सुरू झाली.

हे भांडण काही आमच्याच आळीतलं नाही. मे २०१९ मध्ये पुण्याच्या सोमवार पेठेतल्या अशाच एका कोंबड्याविरुद्ध समर्थ पोलीस ठाण्यात तक्रार गेली होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ‘मोरिस’ नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी भरलेला खटला चालला. न्यायालयानं निकाल कोंबड्याच्या बाजूनं दिला आणि २०२१ मध्ये तिथं खेड्यातल्या आवाजांना आणि वासांना कायद्याचं संरक्षणही मिळालं. उलट केरळातल्या अडूर इथं २०२५ मध्ये अधिकाऱ्यांनी शेजाऱ्याचं ऐकून खुराडं हलवायला लावलं. म्हणजे दोन्ही बाजूंना न्याय आहे!

कोंबड्याला तरी दोष कसा द्यावा? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की सतत मंद उजेडात ठेवलेला कोंबडाही पहाटेच्या ठरल्या वेळेलाच आरवतो. घड्याळ त्याच्या अंगातच असतं.

पण काकांचंही खोटं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जवळून आरवणारा कोंबडा ती सहज ओलांडतो. शिवाय आपल्याकडचा पाऊस! खुराड्यातला भुसा भिजला, की वास घरभर फिरतो. सांडलेल्या दाण्यांना उंदीर येतात, उंदरांमागे साप. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यामुळे कोंबड्या अचानक मरू लागल्या, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायला हवं. ही काळजी काही शहरी नखरा नव्हे.

गंमत एवढीच, की शनिवार-रविवारी इथं येणाऱ्या पाहुण्यांना गावठी कोंबडीचा रस्सा आणि भाकरी हवी असते. एकवीरेच्या नवसाला कोंबडं चालतं, ताटातलं तर चालतंच चालतं; कुंपणावरचं तेवढं चालत नाही!

शेवटी अर्ज गेला नाही. काकू एका संध्याकाळी अंडी घ्यायला म्हणून कुंपणापाशी गेल्या आणि तासभर बोलत उभ्या राहिल्या. अंडी द्यायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, हे काकूंना तेव्हा कळलं. आणि काकांची बायपास झाली आहे, हे मावशींना. कोंबडा मावशींच्या भावाकडे शेतावर गेला. खुराडं काकांच्या भिंतीपासून दूर सरकलं, त्यावर पत्रा आला. पत्र्याचे पैसे काकांनी दिले. दाणे उघड्यावर टाकायचे नाहीत, भुसा ओला झाला की लगेच बदलायचा, असंही ठरलं.

तरी हिशेब सरळ जुळत नाही. कोंबडा नाही म्हणजे पिलं नाहीत. परवा एक कोंबडी खुडूक बसली. मावशींनी भावाकडून अंडी मागवून तिच्याखाली ठेवली. एकवीस दिवस मोजायला काकाही येतात.

त्या पिलांमध्ये कोंबडे निघाले तर? मावशी म्हणतात, “आरवायला लागले, की बघू.” काका काही बोलत नाहीत. पण आता बोलायला कुंपण आहे. अर्जाच्या आधी तिथं जाता येतं.