गावातले चर्च कोणाचे?

व्हॅन गॉगने १८९० च्या जूनमध्ये ओव्हेर-स्युर-वाझ या गावातले चर्च रंगवले आणि ती वास्तू जगाच्या ओळखीची झाली. अशा नामांकित इमारतींना कैवारी मिळतात. प्रश्न आहे तो ज्यांचे चित्र कोणी काढले नाही, अशा फ्रान्समधल्या हजारो खेड्यांतल्या चर्चचा. तिथे रविवारी मोजकी माणसे जमतात, छत गळते आणि दुरुस्तीचा खर्च गावाला झेपत नाही. तरीही ही चर्च जपली पाहिजेत, आणि ती साऱ्या गावाने जपली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे पहिले कारण मालकीचे. १७८९ च्या क्रांतीत चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने राज्य आणि धर्म वेगळे केले, तेव्हा गावांतली जुनी चर्च कम्यूनची, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या सर्वांत लहान स्थानिक संस्थेची, मालमत्ता राहिली. १९०७ च्या कायद्याने ती उपासनेसाठी खुली ठेवली आणि १९०८ च्या कायद्याने कम्यूनला त्यांच्या देखभालीवर खर्च करण्याची मुभा दिली. म्हणून छताचा खर्च महापौराकडे आणि वापराचा अधिकार पाद्र्याकडे, अशी तिथली रीत आहे. दुसरे कारण स्मृतीचे. १५३९ च्या राजाज्ञेने बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याचे काम पाद्र्यांकडे आले. १७९२ मध्ये जन्ममृत्यूची दप्तरे नगरपालिकेकडे जाईपर्यंत सामान्य शेतकऱ्याच्या जन्माचा लेखी पुरावा मिळायचा तो याच नोंदवह्यांत. घंटाही केवळ प्रार्थनेची नव्हती. १ ऑगस्ट १९१४ रोजी सैन्यभरतीची खबर गावोगाव तिच्याच धोक्याच्या ठोक्यांनी पोहोचली. ते ठोके नास्तिकाच्या मुलालाही रणांगणावर बोलावत होते.

धर्मनिरपेक्ष देशात करदात्याने चर्चचा खर्च का सोसावा, असा आक्षेप घेतला जातो. पण इथे गाव धर्माला देणगी देत नाही, स्वतःची इमारत सांभाळते. याहून अवघड आक्षेप पैशांचा आहे. देशातल्या सुमारे ३५ हजार कम्यूनपैकी निम्म्याहून अधिक पाचशेपेक्षा कमी वस्तीच्या आहेत. जेस्ते गावाने २०१३ मध्ये आपले एकोणिसाव्या शतकातले चर्च बरेचसे पाडले, आणि त्यामागचे दुरुस्तीच्या खर्चाचे कारण खोटे म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकातली चर्च पुष्कळ आहेत, ती फार जुनीही नाहीत, म्हणून त्यांना संरक्षित स्मारकाचा दर्जा क्वचित मिळतो. सर्वाधिक धोका त्यांनाच आहे. मात्र तुंबलेली पन्हळ वेळीच साफ केली, सरकलेली कौले बसवली, तर मोठा खर्च पुष्कळदा टळतो. पाद्र्याच्या संमतीने तिथे संगीताच्या मैफली आणि प्रदर्शने भरवता येतात, म्हणजे प्रार्थनेला न येणाराही त्या दारातून आत येतो. २०२३ मध्ये लहान गावांतल्या धार्मिक वास्तूंसाठी देशव्यापी वर्गणी सुरू झाली. ती योग्यच आहे, पण जिथे महापौर आणि गावकरी स्वतः पुढे होतील, तिथेच तिचा उपयोग होईल. फ्रान्सला जाणाऱ्या मराठी वाचकांनी पॅरिसची कॅथेड्रल जरूर पाहावीत. एखाद्या खेड्यातल्या चर्चचे दार उघडे दिसले, तर तिथेही आत जावे आणि दुरुस्तीच्या पेटीत काही टाकावे.