ट्रकचालकाची नेमणूक : मालकाने काय तपासावे, काय लिहून द्यावे

नवी दिल्ली : बंदरालगतचा वाहनतळ असो वा शहराबाहेरचे ट्रान्सपोर्ट नगर, ट्रकचालकाची नेमणूक आजही बहुधा एका दूरध्वनीवर होते. गाडी माल भरून उभी असते, नेहमीचा चालक गावी गेलेला असतो आणि ओळखीच्या चालकाच्या ओळखीचा कोणीतरी हजर होतो. त्याच्या हाती किल्ली आणि वाटखर्च पडतो आणि अर्ध्या तासात गाडी महामार्गाला लागते. एवढ्या वेळात मालकाने लाखो रुपयांचे वाहन, तितक्याच किमतीचा माल आणि रस्त्यावरील अनोळखी माणसांचे प्राण त्या चालकाच्या स्वाधीन केलेले असतात. पुढे काही विपरीत घडल्यास न्यायालय आणि विमा कंपनी या दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो : नेमणूक करताना मालकाने काय पाहिले?

चालकांच्या टंचाईमुळे हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. देशात सुमारे 22 लाख चालकांचा तुटवडा असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी वेळोवेळी सांगितले आहे. देशातील मालवाहतुकीचा मोठा हिस्सा रस्त्यांवरून होतो आणि बहुतांश मालवाहू वाहने मोजक्याच गाड्या असलेल्या छोट्या मालकांची आहेत. त्यांच्याकडे मनुष्यबळ विभाग नसतो; मालकच नेमणूक करतो आणि हिशेबही तोच पाहतो. उभ्या गाडीचा हप्ता थांबत नाही, म्हणून मिळेल त्या चालकाला गाडीवर बसवण्याचा मोह स्वाभाविक असतो. कायदा मात्र ही सबब मान्य करत नाही.

परवाना : पहिली पडताळणी

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 5 नुसार वैध परवाना नसलेल्या किंवा वयाची अट पूर्ण न करणाऱ्या व्यक्तीला वाहन चालवू न देण्याची जबाबदारी मालकावर आहे. या तरतुदीचा भंग झाल्यास कलम 180 अन्वये मालकाला 3 महिन्यांपर्यंत कारावास, 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परिवहन वाहन चालवण्यासाठी किमान वय 20 वर्षे आहे. पूर्वी अशा परवान्यासाठी किमान आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती 2019 मध्ये रद्द करण्यात आली. त्यामुळे शिक्षण कमी असले तरी वाहन चालवण्यात निपुण असलेल्या उमेदवारांना हा मार्ग खुला झाला.

परवाना पाहताना चार बाबी तपासाव्यात : तो अस्सल आहे का, त्याची मुदत शिल्लक आहे का, तो निलंबित झालेला नाही ना आणि ज्या प्रकारचे वाहन द्यायचे आहे त्याची नोंद त्यावर आहे का. परिवहन वाहनाच्या परवान्याची मुदत 2019 च्या दुरुस्तीनंतर 5 वर्षे आहे. मुदत संपल्यानंतरही परवाना 30 दिवस वैध मानण्याची जुनी सवलत याच दुरुस्तीने काढून टाकली. त्यामुळे परवाना कालबाह्य झाल्यावर काही दिवस चालून जाते, हा अनेक मालकांचा समज आता महागात पडू शकतो. परवान्याची स्थिती परिवहन विभागाच्या ‘सारथी’ या संगणकीय प्रणालीवर परवाना क्रमांक आणि जन्मतारीख देऊन काही मिनिटांत पाहता येते. केवळ छायाप्रत घेऊन ती फाइलमध्ये लावणे पुरेसे नाही; पडताळणीच्या दिवसाची नोंदही सोबत ठेवावी.

छोट्या मालवाहू वाहनांच्या मालकांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा 6 नोव्हेंबर 2024 चा निर्णय महत्त्वाचा आहे. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की 7,500 किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. त्यासाठी परिवहन श्रेणीची वेगळी नोंद लागत नाही. त्याहून जड ट्रक, तसेच ट्रेलर यांसाठी मात्र त्या त्या श्रेणीचा परवाना अनिवार्य आहे.

पेट्रोल, वायू, आम्ले अशा धोकादायक मालाची वाहतूक करायची असल्यास अटी आणखी कडक होतात. अशा चालकाला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील किमान एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणे आवश्यक आहे, शिवाय विहित प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्रही लागते. या परवान्याची मुदत 3 वर्षे असते. टँकर उलटल्यानंतर त्यावरील सूचना वाचून योग्य यंत्रणेला कळवणारा पहिला माणूस चालकच असतो, हे या अटीमागील कारण आहे.

विम्याचा दावा येथेच ठरतो

बनावट परवान्याच्या चालकाकडून अपघात झाल्यास नुकसानभरपाई कोणी द्यायची, या प्रश्नावर देशातील न्यायालयांत असंख्य दावे झाले. स्वर्ण सिंग प्रकरणातील 2004 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की परवाना बनावट किंवा अवैध असल्याचे दाखवणे विमा कंपनीला पुरेसे नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नव्हती, हेही कंपनीने सिद्ध केले पाहिजे. ते सिद्ध झाल्यास पीडिताला भरपाई आधी कंपनीने द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होऊ शकतो. एका ट्रकवर घर चालवणाऱ्या मालकाला अशी वसुली पेलवणारी नसते.

वाजवी काळजी म्हणजे काय, याचा उलगडाही न्यायालयाने वेगवेगळ्या निकालांत केला आहे. मालकाने परवाना मागून पाहावा, तो सकृतदर्शनी खरा असल्याची खात्री करावी आणि चालकाला वाहन चालवता येते याबाबत स्वतःचे समाधान करून घ्यावे, अशी अपेक्षा आहे. हे निकाल आले त्या काळात परिवहन कार्यालयात जाऊन खातरजमा करणे जिकिरीचे होते. आता ती सोय हाती आली असल्याने ती न वापरण्याचे समर्थन करणे मालकाला जड जाईल.

गाडीवर घेतलेली परीक्षा

कागदपत्रे पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी आणि ती रिकाम्या गाडीवर आटोपू नये. भरलेल्या ट्रकचे थांबण्याचे अंतर, वळणावरचा तोल आणि चढावरचा ओढा पूर्णपणे वेगळा असतो. चाचणी घेणाऱ्याने पाहण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. निघण्यापूर्वी चालक टायर, दिवे आणि ब्रेकमधील हवेचा दाब स्वतःहून पाहतो का? अरुंद जागेत गाडी मागे घेताना उतरून अंदाज घेतो का? पुढील वाहनापासून अंतर राखतो का?

उतारावरचे वर्तन ही सर्वांत मोलाची कसोटी होय. खंडाळा किंवा कसारा घाटासारख्या उतारावर जाणता चालक उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतो आणि वेग इंजिनाच्या आधाराने आवरतो. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक सगळा भार ब्रेकवर टाकतो. ब्रेक तापतात आणि निकामी होऊ शकतात. पुण्याच्या नवले पुलाजवळ 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका ट्रकने सुमारे 48 वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले होते.

येथे मालकानेही स्वतःच्या हिशेबाकडे पाहणे गरजेचे आहे. अनेक ठिकाणी फेरीला ठरावीक डिझेल दिले जाते आणि वाचलेल्या डिझेलचा लाभ चालकाला मिळतो. पगार तुटपुंजा असेल, तर ही बचत हीच चालकाची खरी कमाई ठरते आणि घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय त्यातूनच लागते. वेतनाची पद्धत ठरवताना मालक चालकाची वाहन चालवण्याची पद्धतही ठरवत असतो.

परिवहन परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागत असले, तरी नेमणुकीपूर्वी दृष्टी, रक्तदाब आणि रक्तातील साखर यांची तपासणी मालकाने स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी. दोष आढळला म्हणून उमेदवार लगेच नाकारण्याचे कारण नसते. पुष्कळदा चष्मा किंवा नियमित औषध एवढ्यानेच प्रश्न सुटतो. मागील दोन मालकांशी बोलताना तो गाडी किती वेगाने पोहोचवत असे हे विचारण्यापेक्षा गाडी कशा अवस्थेत परत आणत असे, हे विचारावे.

तोंडी बोली आणि नियुक्तिपत्र

देशात 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या असून, नियुक्तिपत्र देणे हे त्यातील एक प्रमुख कर्तव्य आहे. ट्रक व्यवसायात हा बदल मोठा आहे, कारण येथील बहुतेक वाद तोंडी बोलीतून निर्माण होतात. मासिक पगार किती आणि फेरीचा भत्ता किती, वाटखर्चात कोणत्या बाबी धरल्या आहेत, माल चढवण्या-उतरवण्याची हमाली कोण देणार, गाडी खाली होण्यासाठी दोन दिवस थांबावे लागले तर त्या दिवसांचे काय, हे सारे नियुक्तिपत्रात स्पष्ट असावे. दंडाबाबतही संदिग्धता नको. अतिभारासाठी 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. मालकाच्या सांगण्यावरून जादा माल भरला गेला असेल, तर त्याचा भुर्दंड चालकाच्या पगारातून कापणे न्याय्य नाही.

उचल हा या व्यवसायातील नाजूक विषय आहे. लग्न, आजारपण किंवा शेतीसाठी चालक मालकाकडून आगाऊ रक्कम घेतो आणि ती फिटेपर्यंत नोकरी सोडू शकत नाही. उचल देण्यात गैर काही नाही. मात्र तिची रक्कम आणि दरमहा कपात लेखी असावी. उचलीच्या बदल्यात परवाना किंवा आधार कार्ड ताब्यात ठेवणे आणि चालकाला अडकवून ठेवणे हे वेठबिगारीच्या वाटेवरचे पाऊल ठरू शकते. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने नष्ट करण्यात आली आहे.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना राज्य विमा योजनेचे, तर वीस किंवा अधिक कामगार असल्यास भविष्य निर्वाह निधीचे संरक्षण मिळते. त्याहून छोट्या मालकांनी वाहनाच्या विमा पॉलिसीत पगारी चालकाप्रती असलेले दायित्व समाविष्ट आहे ना, हे नेमणुकीच्या दिवशीच वाचून घ्यावे. अपघातात चालकाचाच मृत्यू झाला, तर त्याच्या कुटुंबाचा आधार तेवढाच असतो.

तास मोजून दिलेली मुदत

मोटार वाहतूक कामगार कायदा, 1961 ने चालकासाठी दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने ती 10 आणि 54 तासांपर्यंत वाढवता येत असे. हा कायदा आता श्रम संहितेत विलीन झाला असला, तरी दिवसाला 8 तासांचे तत्त्व कायम आहे.

रस्त्यावरचा हिशेब वेगळाच असतो. मुंबई ते दिल्ली हे अंतर सुमारे 1,400 किलोमीटर आहे. ताशी सरासरी 40 किलोमीटर वेग धरला, तर केवळ वाहन चालवण्याचेच 35 तास होतात. दिवसाला 8 तासांप्रमाणे एकटा चालक पाचव्या दिवशी पोहोचतो. त्याच मालासाठी मालकाने ग्राहकाला दोन दिवसांचा शब्द दिला असेल, तर त्याने चालकाची झोप परस्पर विकलेली असते. अशा मार्गासाठी दोन चालक नेमावेत, नाहीतर मुदत वाढवून घ्यावी. देशात 2022 मध्ये 4,61,312 रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचा मृत्यू झाला. रस्ता सुरक्षेची चर्चा बहुधा चालकाच्या चुकीपाशी थांबते. मुदत कोणी आणि कशी ठरवली, इथपर्यंत ती क्वचितच पोहोचते.

चालक येतील कोठून?

सेव्हलाइफ फाउंडेशनने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दर पाच चालकांपैकी चारांहून अधिक जणांनी हा व्यवसाय आपल्या नातेवाइकांना सुचवणार नसल्याचे सांगितले होते. ज्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या काका पुतण्याला, भाऊ भावाला किन्नर म्हणून गाडीवर घेऊन जात असे आणि तोच पुढे चालक होत असे, तेथे हा नकार फार बोलका आहे. अपघातस्थळावरून पळून जाणाऱ्या चालकाला 10 वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद भारतीय न्याय संहितेत आल्यावर जानेवारी 2024 च्या प्रारंभी चालकांनी देशभर काम बंद केले. ते कलम अद्याप स्थगित ठेवलेले असताना 1 जुलै 2024 पासून संहिता लागू झाली. मात्र व्यवसायाविषयीची धास्ती त्यातून उघड झाली.

म्हणूनच नव्या चालकाच्या शोधात मालकाने ट्रान्सपोर्ट नगराच्या पलीकडे पाहायला हवे. वाहन चालन प्रशिक्षण व संशोधन संस्था, ट्रक उत्पादक कंपन्यांच्या प्रशिक्षण शाळा, तसेच वाहन क्षेत्रातील कौशल्य विकास परिषदेशी संलग्न केंद्रे यांतून उमेदवार मिळू शकतात. भोसरी येथील केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था आणि तमिळनाडूतील नामक्कल या ट्रकनगरीतील प्रशिक्षण केंद्र ही त्याची उदाहरणे आहेत. आपल्याच गाडीवरील होतकरू मदतनिसाला प्रशिक्षण आणि परवान्याचा खर्च देऊन चालक करणे हा छोट्या मालकासाठी सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. त्याचा स्वभाव आणि सवयी मालकाला आधीच ठाऊक असतात.

मिळालेला चालक टिकवणे हेही नेमणुकीचेच अंग आहे. 2014 मध्ये स्थापन झालेल्या रिव्हिगो या कंपनीने ठरावीक टप्प्यांवर चालक बदलण्याची पद्धत आणली. गाडी पुढे जात राही आणि चालक दुसरी गाडी घेऊन माघारी येत असे, म्हणजे त्याला घर गाठता येई. प्रत्येक मालकाला अशी साखळी उभारणे शक्य नाही. मात्र महिन्यातून किती दिवस घरी जाता येईल, हे नियुक्तिपत्रात लिहून देणे आणि ते पाळणे प्रत्येकाला शक्य आहे. मंत्रालयाच्या नियमानुसार 2025 पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकमध्ये वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. जुन्या गाड्यांच्या मालकांनाही निदान पंखा, स्वच्छ बिछाना आणि पिण्याच्या पाण्याची सोय करता येते.

गावी गेलेला नेहमीचा चालक ठरल्या दिवशी परत कामावर हजर होतो की नाही, यावर मालकाने केलेली नेमणूक पारखली जाते. तो परतला, तर भरून उभ्या असलेल्या गाडीसाठी रात्री अनोळखी क्रमांकावर दूरध्वनी करण्याची वेळ मालकावर येत नाही.