पाऊणपट मस्टँग, सुट्या भागांत

दुसऱ्या महायुद्धातले पी-५१ मस्टँग विमान आज पदरी बाळगायचे तर नुसती हौस पुरत नाही. त्याचे बारा सिलिंडरचे मर्लिन इंजिनच सुमारे १५०० अश्वशक्तीचे! अमेरिकेतील टायटन एअरक्राफ्ट कंपनीने यावर तोड काढली: टी-५१ हे पाऊणपट आकाराचे, दोन आसनांचे विमान, सुट्या भागांच्या संचात. त्याला रोटॅक्सचे १०० अश्वशक्तीचे इंजिनही चालते.

लांबी, रुंदी, उंची पाऊणपट केली की घनफळ अवघे ४२ टक्के उरते. बसणारा माणूस मात्र पाऊणपट होत नाही. कॉकपिटची मापे बसवण्यात खरे कसब आहे ते इथेच.

रिव्हेट मारण्यापासूनची जोडणी गिऱ्हाईक स्वतः करते. हजाराहून अधिक तास जातात. हौशी बांधणीचे प्रमाणपत्र हवे तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच केलेले असावे, असा अमेरिकेचा नियम आहे. आपल्याकडे अर्धवट माल दिला तर गिऱ्हाईक भांडायला येईल. या धंद्यात माल अर्धवटच द्यावा लागतो. संच घेताना मात्र यादी नीट वाचावी. इंजिन, पंखा, उपकरणे, रंग यांचा खर्च बहुधा वेगळा असतो.