छायाबाहुल्यांचा खेळ व परदेशस्थ प्रेक्षक

महाभारताच्या शांतिपर्वांत 'रूपोपजीवन' असा एक शब्द आला आहे. त्यावर टीका करितांना नीलकंठ चतुर्धर यांनीं दक्षिणेंत प्रसिद्ध असलेल्या एका खेळाचा उल्लेख केला आहे. पातळ वस्त्र आड धरावें व त्यामागून चामड्याच्या आकृतींच्या योगें राजे, अमात्य इत्यादिकांचें चरित्र दाखवावें, असा तो खेळ. नीलकंठ हे सतराव्या शतकांतील. घराणें गोदातीरच्या कोपरगांवचें, वास्तव्य काशीस. टीकाकाराच्या या वाक्यावरून मूळ ग्रंथाच्या काळीं हा खेळ होता असें ठरविणें साहसाचें होईल; परंतु सतराव्या शतकांतील एका महाराष्ट्रीय पंडितास तो चांगला ठाऊक होता, एवढें मात्र निःसंशय.

याहून जुना लेख पाहूं गेल्यास सुभटाचें 'दूतांगद' पुढें येतें. हें इ. स. १२४३ च्या सुमारास अणहिलवाड पाटण येथें प्रयोगासाठीं रचलें गेलें व तें आपणांस 'छायानाटक' म्हणवितें. या शब्दाचा अर्थ पडद्यावरील सावल्यांचें नाटक असाच करावा कीं काय, याविषयीं पिशेल, ल्यूडर्स, कीथ प्रभृति पंडितांत पुष्कळ वाद झाला. तो येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हांस दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. दूतांगदाच्या हस्तलिखितांत आखूड व लांब असे दोन्ही प्रकारचे पाठ आढळतात, आणि पूर्वकवींचे श्लोक त्यांत उचलून घातलेले आहेत. प्रसंग व प्रेक्षक पाहून संहिता ताणावी किंवा आटोपती घ्यावी, हा नटांचा व्यवहार त्या काळींही असावा, असें अनुमान करण्यास यावरून जागा आहे. आज परदेशस्थ प्रेक्षकांसाठीं खेळ आखडतात म्हणून कपाळास आठ्या घालणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

तथापि आखडतांना काय ठेविलें आणि काय टाकलें, हें पाहिल्यावांचून निर्णय देतां येत नाहीं. त्यासाठीं केरळांतील 'तोलपावकूत्तु' या खेळाचें उदाहरण घेऊं. पालघाट, त्रिचूर व मलप्पुरम् या भागांतील भद्रकालीच्या देवळांपुढें या खेळाकरितां 'कूत्तुमाडम्' नांवाची कायमची लांबट इमारत असते. पडद्यामागें नारळाच्या करवंट्यांत एकवीस दिवे लाविलेले असतात. देवळांतील दिव्यावरून ज्योत आणून ते पेटवितात. कथा कंबाच्या तामिळ रामायणाची. सात, चौदा, एकवीस, कोठें कोठें एकाहत्तर रात्रीं ती चालते, आणि प्रत्येक रात्रीं उजाडेपर्यंत. दारिकासुराच्या वधांत गुंतल्यामुळें देवीस रामरावणांचें युद्ध पाहतां आलें नाहीं, म्हणून तें तिला दाखवावयाचें, अशी याची उपपत्ति तेथील लोक सांगतात. प्रेक्षक ती देवी. पडद्यासमोर माणूस बसला आहे कीं नाहीं, याची फिकीर बाहुलीकारास नसते. मध्यरात्रीनंतर पटांगण रिकामें असलें तरी खेळ थांबत नाहीं. स्टुअर्ट ब्लॅकबर्न या अमेरिकन संशोधकानें इ. स. १९९६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या गोष्टीचा विस्तारानें विचार केला आहे.

मग पडद्यामागें रात्रभर चालतें तरी काय? बाहुल्या हरणाच्या कातड्याच्या, नक्षीसाठीं भोकें पाडलेल्या. बहुतेकींचा एकच हात हलतो. त्यांत पाहण्यासारखी हालचाल थोडी. खरा खेळ बोलण्याचा असतो. एक जण कंबाचें पद्य म्हणतो, मग त्याचा पदशः अर्थ सांगतो. दुसरा शंका काढतो, पहिला उत्तर देतो. त्यांतून व्याकरण, पुराणकथा, वैद्यक, नीति असे फांटे फुटत जातात. आमच्याकडील जुन्या पाठशाळेंतील पूर्वपक्ष व उत्तरपक्ष ज्यांनीं ऐकला आहे, त्यांस याची रुचि सांगावयास नको. निवडक पद्यें 'आडलपट्टु' नांवाच्या ताडपत्रांवरील पोथ्यांत लिहून ठेविलेलीं असतात. परंतु व्याख्यान गुरुमुखानें चालत आलेलें, तें पोथींत सांपडावयाचें नाहीं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शोरनूरजवळील कूनत्तरचे कृष्णन्‌कुट्टि पुलवर यांनीं हा खेळ देवळाबाहेर काढिला. हलवितां येईल असा पडदा उभारून त्यांनीं रामकथा तासा-दीड तासांत बसविली व ती परदेशांतही नेली. त्यांचे पुत्र रामचंद्र पुलवर यांनीं पुढें महात्मा गांधींच्या चरित्रावरही खेळ रचला, त्यांस इ. स. २०२१ मध्यें पद्मश्री मिळाली. आतां ज्यास तामिळ व मल्याळम् यांतील एक अक्षरही कळत नाहीं, अशा मनुष्यापुढें चार घटका पदच्छेद करीत बसणें व्यर्थ आहे. अर्थात् व्याख्यान गळतें; युद्धें, सुवर्णमृगाची धांव, वाद्यांचा घोष हीं पुढें येतात. त्याबद्दल पुलवरांस दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. नवसाच्या दक्षिणेवर कुटुंब चालत नाहीं, आणि मुलगा धंद्यांत राहिला तरच देवळांतील खेळ राहणार. भीति आहे ती निराळी. एक तासाचा खेळ पाहिलेला मनुष्य तोच संपूर्ण खेळ समजून लिहूं लागतो, आणि हळूहळू शिकणाऱ्या पोरासही तेवढेंच पुरेसें वाटूं लागतें.

या प्रकरणाशीं मराठी भाषिकांचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. आंध्र, कर्नाटक व तामिळनाड येथील बाहुलीकारांच्या पुष्कळ घराण्यांत घरची बोली मराठीचीच आहे. पडद्यावर तेलुगु किंवा कन्नड, चुलीपाशीं मराठी! त्यांच्या बाहुल्या केरळांतल्याहून मोठ्या, रंगीत व पारदर्शक. नर्तकीच्या बाहुलीस तर इतके सांधे असतात कीं ती खरोखरच नाचते. परक्या प्रेक्षकास भाषेवांचून रिझविण्यास हें नृत्य फार उपयोगी पडतें. परंतु अनंतपूरकडील निम्मलकुंटा गांवीं त्याच चामड्यावर त्याच हातांनीं दिव्यांचीं आवरणें होऊं लागलीं, कारण गिऱ्हाईक त्यांचें अधिक.

आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या व चित्रकथी हे दोन्ही खेळ करीत आलीं. तेथील परशुराम गंगावणे यांसही २०२१ सालींच पद्मश्री मिळाली. चित्रकथीचीं चित्रें पाठीस पाठ चिकटविलेलीं असतात आणि एका आख्यानाच्या गठ्ठ्यास 'पोथी' म्हणतात. पोथी म्हटली म्हणजे पानांचा क्रम आला. तींतील एकेक पान शोभेचें म्हणून सुटें विकलें कीं आख्यान मोडलें, आणि पुनः जुळविण्यास कथेकऱ्याच्या स्मरणावांचून दुसरें साधन उरत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, पिंगुळीचें असो वा अन्य ठिकाणचें, सुटें पान हातीं आल्यास तें कोणत्या पोथींतील, कोणाच्या घरून आलें, त्याच्या आधींचें व नंतरचें पान कोठें आहे, हें त्याच वेळीं टिपून ठेवावें. बाहुली घेतल्यास ती कोणत्या प्रसंगीं व कोणत्या बोलांवर पडद्यास लावितात, हें बाहुलीकाराकडूनच वदवून घ्यावें. आणि बनेल तर एका रात्रीचें तरी व्याख्यान आरंभापासून पहांटेपर्यंत, फांट्यांसकट, जसेंच्या तसें उतरवून घ्यावें.