रानपिंगळ्याचे कूळ

मुर्ध्यात दिवेलागणीला एखाद्या जुन्या चिंचेखाली उभे राहावे, वर ढोलीपाशी पिंगळ्यांची कचकच चाललेली असते. हा आपला गावपिंगळा. त्याचा एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. तो फार थोडा उरला आहे.

१८७२ साली हा पक्षी ब्लेविट नावाच्या साहेबाला मिळाला. दुसऱ्याच वर्षी ह्यूम यांनी (हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम) त्याचे बारसे केले. शास्त्रीय नावात त्यांनी त्याला 'वेगळे घुबड' म्हटले आणि पुढे ब्लेविटचे नाव जोडले. डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे आणखी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला.

पुढे कर्नल मायनर्ट्झहागेन यांनी सांगितले की, आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला. पुरावा म्हणून पेंढा भरलेला पक्षी होता, त्याच्या पायाला चिठ्ठी होती. चिठ्ठी खोटी निघाली! पक्षी डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरलेला आणि उसवून पुन्हा शिवलेला. त्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांची दिशाभूल केली. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी ती बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ भर दिवसा रानपिंगळा पाहिला. एकशेतेरा वर्षांनी!

चिठ्ठी बदलता येते, पण रक्तात लिहिलेले कूळ कसे बदलणार? प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो. त्यावर चारच अक्षरे पुन्हापुन्हा येतात. पक्ष्याच्या पोथीत ती शंभर कोटींच्या घरात भरतात. रक्ताचा एक थेंब, कधी नुसते पीस, एवढ्यावरून यंत्र ती वाचते. या पोथीतली मोजकी पाने वाचून २०१८ साली आपल्याच देशातल्या अभ्यासकांनी दाखवून दिले की, रानपिंगळा काही निराळ्या घराण्यातला नाही. गावपिंगळ्याच्याच कुळातला तो. ह्यूमसाहेबांचे 'वेगळे' तेवढे खरे ठरले नाही.

कोणी म्हणेल, कूळ कळून पक्षी कसा वाचणार? नुसते कूळ कळून नाही वाचणार. परंतु सबंध पोथी वाचली तर आणखी एक गोष्ट कळते. प्रत्येक जिवाजवळ पोथीच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्हींत पानेच्या पाने अक्षरशः सारखी आली, तर समजावे की आईबाप जवळचे नातलग होते. चार घरांच्या वाडीत पिढ्यान् पिढ्या आपसातच सोयरिकी झाल्या, तर घराण्यातले दोष वर येतात. रान तुटून बेटे झाली की पाखरांचेही तेच होते. पिल्ले कमी जगतात, रोगाला लवकर बळी पडतात.

रानपिंगळा आज सातपुड्यात आहे, मेळघाटात आहे. २०१४ साली तो शहापूरकडच्या तानसा अभयारण्यातही आढळला, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यात. तानसाचा पक्षी आणि खानदेशचा पक्षी यांच्यात अजून सोयरीक होते की मधल्या तोडीने वाट बंद झाली, हे त्यांच्या पोथ्या शेजारी ठेवल्या तर कळेल. मग मधले कोणते रान आधी राखायचे, कोणत्या पट्ट्यातले ढोलीचे जुने साग उभे ठेवायचे, हे वनखात्याला अंदाजाने ठरवावे लागणार नाही.