सोल्युशनचा डबा आणि पायातून निसटणारी चप्पल

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी थर्माकोलची ढाल करून तिच्यावर सोनेरी स्प्रे मारण्याचा उद्योग ज्यांनी केला आहे, त्यांना पुढे काय होते ते ठाऊक असते. रंग बसण्याऐवजी ढालीला खड्डे पडतात, कडा आक्रसतात आणि पाच मिनिटांत ती उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसू लागते. स्प्रेमधल्या द्रवात थर्माकोल विरघळते. मग कुणीतरी अनुभवी माणूस सांगतो, आधी फेव्हिकॉलचा हात दे, वाळू दे, मग स्प्रे मार. ढाल वाचते. तो स्प्रे मारताना नाकावाटे आत गेलेल्या द्रवाचे काय झाले, हे मात्र कुणी विचारत नाही.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत या कामाला हंगाम असतो. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, पुढे तिथीची शिवजयंती आणि पाठोपाठ गावोगावच्या यात्रा. शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे बारामती तालुक्यात, मालोजीराजांची गढी इंदापुरात. इथल्या पोराला मावळा व्हायला वेगळे निमित्त लागत नाही. पूर्वी पुठ्ठा, चमकीचा कागद आणि सुतळीवर चिलखत भागत असे. आता फोम शीट आली आहे. चपलेच्या तळाला आणि लहान मुलांच्या जोडचटईला वापरतात तीच, ईव्हीए नावाची. ती कटरने कापायची, हीट गनने गरम करून छातीच्या आकारात वाकवायची, कडांना पिवळे सोल्युशन लावून चिकटवायच्या, वर काळा रंग देऊन त्यावर चंदेरी रंग घासायचा. दहा फुटांवरून पाहिले तर लोखंडच.

ही कला मुरली ती परदेशातल्या हौशी खेळाडूंमध्ये. तिकडे माणसे योद्ध्याचा, राजाचा, राक्षसाचा वेश करून मैदानात किंवा जंगलात दोन-दोन दिवस ते पात्र जगतात. संहिता नसते, प्रेक्षक नसतात. अमेरिकेत १९७७ च्या सुमारास असे गट सुरू झाले, इंग्लंडमध्ये १९८२ साली पेकफर्टन किल्ल्यात हा खेळ रंगला आणि जर्मनीत ब्रोकेलो गावाजवळ दर उन्हाळ्यात हजारो लोक चिलखते घालून जमतात. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा म्हणजे मिरवणुकीतला जिवंत देखावा. त्या खेळांत मैदानात उतरण्याआधी प्रत्येक तलवार तपासली जाते. आतला दांडा बाहेर आला आहे का, फोम फाटला आहे का, टोक मऊ आहे का, हे पाहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. आपल्या मिरवणुकीत पत्र्याची तलवार पोराच्या हातात देताना एवढीही चौकशी होत नाही, ही गोष्ट वेगळी. पण तलवारीची इजा निदान दिसते. सोल्युशनची दिसत नाही.

हे काम करणारा माणूस बहुधा दुसराच कुणीतरी असतो. दिवसा शिंपी, मंडपवाला, चपला दुरुस्त करणारा, कलाशिक्षक, नाहीतर शेतकरी. ऑर्डरी रात्री पुऱ्या करायच्या. थंडीचे दिवस, म्हणून दार-खिडक्या बंद. जमिनीवर बैठक मारून, मांडीशी डबा उघडा ठेवून, ब्रशने किंवा बोटाने सोल्युशन लावायचे. दोन्ही बाजू लावून दहा मिनिटे सुकू द्यायच्या आणि मग दाबायच्या, ही चिकटवण्याची रीतच आहे. सुकणे म्हणजे त्यातला द्रव हवेत जाणे. चिकट भाग मागे राहतो आणि बाकी सगळे खोलीत. या वाफा हवेपेक्षा जड असतात. हेक्झेनची वाफ तर जवळपास तिप्पट. त्या वर जात नाहीत, खाली साचतात. म्हणजे बैठक मारलेल्या माणसाच्या नाकाच्या पातळीला, आणि त्याच खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या मुलाच्या. शेजारच्या चुलीची किंवा गॅसची ज्योत पकडायलाही त्या जमिनीवरून सरपटत जातात. सुरुवातीला वास डोक्यात जातो, अर्ध्या तासाने येईनासा होतो. वास गेलेला नसतो, नाक सरावलेले असते.

अशा चिकटद्रव्यांत टोल्युइन, ॲसिटोन, हेक्झेन यांपैकी काही ना काही असते. प्रमाण उत्पादनागणिक वेगळे, आणि डब्यावर सगळे लिहिलेले असतेच असे नाही. या सर्वांचा गुण एकच, की ते तेलकट पदार्थ सहज विरघळवतात. शरीरात मेंदू आणि मज्जातंतू हेच सर्वांत स्निग्ध अवयव. म्हणून पहिला परिणाम तिथेच दिसतो: डोके हलके होणे, मळमळ, चिडचिड, सकाळी जड डोके. मोकळ्या हवेत गेल्यावर ते उतरते, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. हेक्झेनची गोष्ट मात्र इथे संपत नाही. यकृत त्याचे रूपांतर २,५-हेक्झेनडायोन नावाच्या पदार्थात करते आणि तो मज्जातंतूच्या आतल्या प्रथिनांच्या धाग्यांना चिकटतो. धागे गुंततात, गोळा होतात, तंतू जागोजागी फुगतो आणि त्याच्यापुढचा भाग झडू लागतो. जो तंतू सर्वांत लांब, त्याचे टोक आधी मरते. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतचा तंतू सुमारे मीटरभर लांबीचा. म्हणून दुखणे पायापासून सुरू होते.

रुग्ण ते ज्या शब्दांत सांगतो ते वैद्यकाच्या पुस्तकात नसतात. ‘पायाला मुंग्या येतात’ हे तर सगळेच सांगतात. नेमके वाक्य असते, ‘चालताना चप्पल पायातून निसटते आणि मला कळतच नाही.’ कुणी म्हणतो, गादीवर चालल्यासारखे वाटते. मग पाऊल उचलेनासे होते, पायऱ्या चढताना बोट अडते, पुढे हाताची पकड सुटते. सुईत दोरा ओवता येत नाही, शर्टाचे बटण लागत नाही. शिंप्याला हे कळायला वेळ लागत नाही, कारण त्याची भाकरीच त्यावर असते.

१९६० च्या दशकात जपानमध्ये हे चित्र मोठ्या प्रमाणावर दिसले. घरोघरी प्लास्टिकच्या सँडल चिकटवून देणाऱ्या कामगारांत ९० हून अधिक जणांच्या मज्जातंतूंना इजा झाल्याचे आढळले आणि कारण निघाले गोंदातले हेक्झेन. कारखाना नव्हे, घर. यंत्र नव्हे, ब्रश. इंदापुरातल्या माजघरात चिलखत चिकटवणाऱ्याने ही गोष्ट ऐकली, तर त्याला ती परकी वाटणार नाही. २००९ मध्ये चीनमधल्या सुझोऊ शहरात मोबाइलच्या काचा हेक्झेनने पुसणाऱ्या १०० हून अधिक कामगारांना हाच विकार झाला. सोल्युशन घट्ट झाले की त्यात पेट्रोल घालून पातळ करणारेही आहेत. पेट्रोलमध्ये हेक्झेन असतेच, शिवाय बेंझिनही. इस्तंबूलच्या चपला-बूट करणाऱ्यांत बेंझिनयुक्त गोंदामुळे रक्ताचा कर्करोग वाढल्याचे तुर्की डॉक्टर मुझफ्फर अक्सोय यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते.

घाबरून जायचे कारण नाही. मुलासाठी वर्षातून एक ढाल करणाऱ्या बापाला यातले काही होत नाही. प्रश्न आहे तो रोज काही तास, आठवडेच्या आठवडे, बंद खोलीत बसणाऱ्याचा. आणि त्याचे निदान नेमके तिथेच चुकते. पायाला मुंग्या म्हटले की साखर तपासली जाते, बी-१२ तपासले जाते, दारूची चौकशी होते. ते बरोबरच आहे. ही कारणे कितीतरी जास्त वेळा सापडतात. पण साखर नॉर्मल आली, की जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांवर प्रकरण मिटते. इटलीच्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत एकाची भर घातली: तुम्ही काम काय करता? आजही बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत तो विचारला जातो. उत्तर मिळते, ‘शेती’ किंवा ‘शिलाई’, आणि केसपेपरवर तेच लिहिले जाते. रात्रीचे सोल्युशन हे त्याच्या लेखी काम नसतेच. ती सेवा असते, हौस असते, मंडळाचे देणे असते. म्हणून दुसरा प्रश्न लागतो: आणि रात्री काय करता? डॉक्टरांनी नाही विचारला, तर रुग्णाने आपणहून सांगावा.

काम थांबवले की बहुतेकांना उतार पडतो. पण इथे एक फसगत आहे. गोंद सोडल्यावरही दोन-तीन महिने दुखणे वाढत राहू शकते, कारण झडू लागलेला तंतू मध्येच थांबत नाही. ‘सोडूनही फरक नाही’ म्हणत माणूस पुन्हा डबा उघडतो. तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. गुडघ्यापासून पावलापर्यंत वर्षभराहून अधिक लागते. फार उशीर झाला असेल, तर पायाची ताकद पूर्ण परत येत नाही.

उपाय मात्र स्वस्त आहे. काम ओसरीवर, अंगणात, गच्चीवर न्यायचे. वारा पाठीकडून किंवा बाजूने घ्यायचा, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. जमिनीऐवजी टेबलावर काम करायचे आणि मुलांना तिथे झोपवायचे नाही. लागेल तेवढे सोल्युशन वाटीत काढून डब्याचे झाकण लगेच लावायचे. उघडा डबा रात्रभर वाफ सोडतो. बोटाने लावू नये, कातडीतूनही थोडे आत जाते. आणि मास्कबद्दल: कोविडपासून घराघरांत पडलेला एन-९५ धूळ आणि थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. तो लावून बंद खोलीत बसणे म्हणजे मच्छरदाणी लावून धुरापासून वाचण्याचा प्रयत्न. वाफेसाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मास्क वेगळा मिळतो, आणि ती डबी ठरावीक वापरानंतर बदलावी लागते. हीट गनखाली फोम वाकेल एवढाच गरम करावा. तो चकाकू लागला की थांबावे, धूर निघाला तर उशीर झाला. कापसाची दाढी इन्स्टंट गोंदाने चिकटवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की तो गोंद कापसावर पडला की रासायनिक क्रियेने तापतो, कातडी भाजण्याइतका.

करणाऱ्याचे झाले, घालणाऱ्याचे वेगळेच. फोमचे चिलखत वजनाला हलके, म्हणून ते निर्धोक वाटते. लोखंडी चिलखताचे ओझे खरेच मोठे असते. इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात २०११ मध्ये पंधराव्या शतकातल्या धर्तीचे पोलादी चिलखत घालून माणसांना ट्रेडमिलवर चालवले, तेव्हा चालायला लागणारी ऊर्जा दुपटीहून अधिक झाली. फोमला ते ओझे नाही, पण त्याला छिद्रही नाही. जुन्या कड्यांच्या चिलखतातून हवा खेळे. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; वाळलाच नाही, नुसता ओघळला, तर पाणी आणि मीठ जाते, उष्णता आतच राहते. फेब्रुवारीअखेरची दुपार, फोमचे चिलखत, जिरेटोप, मिशा-दाढी, वर ढोल-ताशांच्या तालावर नाच. एरवी धडधाकट तरुणाचेही तापमान चढायला एवढे पुरे.

म्हणून चिलखत करतानाच काखेखाली आणि पाठीवर जागा मोकळी सोडावी, दोन्ही बाजू नाडीने किंवा वेल्क्रोने बांधाव्यात. दिसायला काही फरक पडत नाही, आणि ते अर्ध्या मिनिटात उतरवता येते. मिरवणुकीत वेश केलेल्या प्रत्येकामागे एक साधा कपड्यातला सोबती हवा. पाणी त्याच्याकडे, नजरही त्याची. चौकात थांबले की जिरेटोप काढायचा. पोरगा असंबद्ध बोलू लागला, हाक मारल्यावर बघेना, पाय लटपटू लागले, तर तो ‘अंगात वीर आला’ म्हणून सोडून द्यायचा नाही. सावलीत न्यायचे, चिलखत उतरवायचे नाहीतर कापायचे, अंगावर पाणी ओतत राहायचे आणि जे हाताशी असेल त्याने वारा घालायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचे नाही. तापाची गोळी इथे काम करत नाही. १०८ ला फोन एकाने करायचा, बाकीच्यांनी पाणी ओतणे थांबवायचे नाही. गाडी येईपर्यंतच्या त्या मिनिटांत मेंदू वाचतो किंवा जातो. चिलखत कापावे लागले तर करणाऱ्याला वाईट वाटेल. त्याने ते पुन्हा करावे, या वेळी अंगणात बसून.