आपल्या मालाचा व श्रमाचा भाव कसा ठरवावा?

हिंगोली जिल्ह्याची आज हळदीचा जिल्हा अशी ओळख आहे. हिंगोली आणि वसमत येथील बाजार समित्यांत हळदीचे मोठे लिलाव होतात. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु लिलावात शेतकरी भाव सांगत नाही, तो ऐकतो. त्याच हळकुंडाची पूड करून पाकिटात भरली, की भाव सांगण्याची जबाबदारी आपल्यावर येते. लहानमोठे उद्योग करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांचे आणि बचत गटांतील माताभगिनींचे पाऊल नेमके येथेच अडखळते, असे आम्हांला वाटते.

याला इतिहास आहे. आपल्या आजापणजांनी बलुत्यावर राबून, सालगडी म्हणून वर्षे घालून श्रम केले. त्या श्रमांचे मोल मात्र दुसऱ्याने ठरविले. म्हणून आजही स्वतःच्या कष्टाचे पैसे सांगताना आपली जीभ चाचरते.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. दहा किलो हळकुंड १५०० रुपयांचे, दळणाचे २०० रुपये. घट जाऊन साडेनऊ किलो पूड निघाली, म्हणजे पाव किलोची ३८ पाकिटे. पिशवी व लेबलचे ११४ रुपये. बेरीज १८१४, पाकिटामागे सुमारे ४८ रुपये. गट ५० रुपये भाव ठेवतो आणि दोन रुपये सुटले असे मानतो. पण निवडणे, भरणे, तोलणे यांची ४०० रुपये मजुरी आणि वाहतूक, वीज, यंत्राची झीज यांचे १८० रुपये त्यात धरलेच नाहीत. ते धरले की खर्च २३९४, म्हणजे पाकिटामागे ६३ रुपये. दोन रुपये नफा नव्हे, तर तेरा रुपये तोटा झाला, आणि तो घरच्या बायांच्या मजुरीतून भरला गेला.

दुसरी चूक टक्केवारीची. दुकानदाराला विक्रीकिमतीवर २० टक्के द्यायचे म्हणून ६३ वर २० टक्के चढविले, तर किंमत ७५ रुपये ६० पैसे होते. त्यातून दुकानदाराचा वाटा वजा जाता हाती ६० रुपये ४८ पैसेच उरतात. दुकानदाराचे २० आणि गटाचे १० टक्के ठेवायचे असतील, तर खर्च हा किमतीच्या ७० टक्के असला पाहिजे. ६३ ला ०.७० ने भागले की ९० रुपये येतात. त्यातले १८ दुकानदाराचे, ६३ खर्चाचे, ९ गटाचे. पाकिटावर छापायची कमाल किंमत सर्व करांसह असते, हेही ध्यानात ठेवावे. हळकुंड स्वस्तात घेतलेले असले तरी भाव आजच्या दराने काढावा. कारण पुढचा माल आजच्याच दराने भरावा लागतो.

सेवेत माल दिसत नाही, वेळ खर्च होतो. शिवणकाम करणाऱ्या भगिनीचे महिन्याला दुकानभाडे ३०००, दोरा-वीज-दुरुस्ती १५०० आणि स्वतःचा पगार १५००० धरला, तर १९५०० रुपये मिळाले पाहिजेत. दिवसाचे आठ तास दुकान उघडे असले तरी प्रत्यक्ष शिलाईचे पाचच. २६ दिवसांचे १३० तास. म्हणजे तासाला १५० रुपये. दीड तास लागणाऱ्या ब्लाउजची शिलाई २२५ रुपयांहून कमी घेतली, तर तिचा पगार कापला जातो.

बाजारातील भाव याहून कमी असेल, तर खर्च कोठे कमी होतो ते पाहावे, किंवा शुद्धता, नेमके वजन व वेळेवर काम यांच्या बळावर वेगळे गिऱ्हाईक शोधावे. मजुरी वगळून भाव उतरवू नये. उधारी द्यायचीच असेल, तर तिची मुदत आधी ठरवावी.

अंगुत्तरनिकायातील पापणिक सुत्तात भगवान बुद्धांनी यशस्वी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत: तो डोळस असतो, खरेदी-विक्रीत कुशल असतो आणि विश्वासामुळे त्याला भांडवल मिळते. डोळस कोण? माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला म्हणजे किती लाभ होईल, हे जाणणारा. हा डोळसपणा एका वहीने येतो. प्रत्येक उद्योगी घरात ती वही असावी आणि तिच्या पहिल्या ओळीत स्वतःची मजुरी लिहिलेली असावी, एवढीच आमची विनंती आहे.